पी हळद अन् हो गोरी

उतावळ्या माणसासाठी आपल्याकडे ही म्हण आहे. ‘हळदीने कॅन्सर बरा होतो’ असे निरोप मोबाइलवर येतात तेव्हा मला हीच म्हण आठवते. म्हणून आज हळदीचा थोडा इतिहास.

हळदीला रंग देणारे द्रव्य म्हणजे कुरक्युमिन. फोगेल आणि पेलतिए यांनी १८१५ मध्ये ते वेगळे काढले. त्याच्या रेणूची रचना समजायला १९१० साल उजाडले. वनस्पतींतील फिनॉलवर्गीय संयुगांपैकी हे एक. १९८५ मध्ये केरळातील त्रिशूरच्या संशोधकांनी दाखवले, की हळदीच्या अर्काने काचपात्रातील कर्कपेशींची वाढ थांबते आणि उंदरांच्या गाठीही कमी होतात. मग जगभर आशा पालवली.

पण काचपात्र वेगळे, माणूस वेगळा. पोटात गेलेले कुरक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. आतडे आणि यकृत त्याचे रूप लगेच पालटून टाकतात. अमेरिकेत ह्यूस्टनला स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कुरक्युमिन देऊन पाहिले. २००८ मध्ये निष्कर्ष आले. तपासता आलेल्या २१ रुग्णांपैकी दोघांतच काही परिणाम दिसला.

मग वनस्पतींतून औषध मिळतच नाही का? मिळते की! हिमालयातल्या बनककडीच्या मुळात पोडोफायलोटॉक्सिन असते. ते पेशींचे विभाजन रोखते, पण पोटात घेण्याच्या दृष्टीने फार विषारी. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत फेरफार करून १९६६ मध्ये एटोपोसाइड बनवले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९८३ मध्ये. म्हणजे प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोचायला सतरा वर्षे! वृषणाच्या आणि फुफ्फुसाच्या काही कर्करोगांवर ते आजही देतात.

या दोन कथांत मला आपल्या परंपरेचा ना अपमान दिसतो, ना जयजयकार. मुळी उपटून आणणे ही सुरुवात असते. मात्रा किती, अपाय काय, कोणत्या रुग्णाला उपयोग, हे तपासल्यावरच तिचे औषध होते. बनककडीने ही परीक्षा दिली. हळद अजून परीक्षेलाच बसलेली आहे. तिला आधीच पहिला नंबर देऊन कसे चालेल?

भाजीत, दुधात हळद खुशाल घाला. मात्र घरात कुणाचे उपचार चालू असतील तर हळदीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. काही औषधांशी त्यांचे जमत नाही आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आणि हळदीच्या भरवशावर केमोथेरपी तर मुळीच सोडू नका. गाठ वाढत असते, गेलेले महिने परत मिळत नाहीत.