घारापुरी : शेवटची लाँच गेल्यानंतरचे बेट

१/ दिनांक २२ फेब्रुवारी २०१८. मुंबईच्या गेटवेपासून लाँचने तासाभराच्या अंतरावर असलेल्या घारापुरी बेटावर त्या दिवशी वीज पोहोचली. त्यासाठी समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकावी लागली. तोपर्यंत बेटावरील तीन गावे संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर भागवत होती. लेण्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले ते १९८७ साली. म्हणजे वारसा जगाचा झाल्यानंतर त्याच्या शेजाऱ्यांच्या घरात दिवा लागायला आणखी ३१ वर्षे गेली.

२/ गारगोटीसारख्या डोंगरी भागातून मुंबई पाहायला निघालेल्या शालेय सहलीत गेटवेची लाँच ही बहुधा ठरलेली असते. मुले लेणी पाहतात, माकडांपासून डबा वाचवतात आणि ऊन उतरायच्या आत परततात. त्या परतीच्या लाँचनंतर बेटावर काय उरते, हा या थ्रेडचा विषय आहे. पर्यटनावर जगणाऱ्या बेटांच्या अडचणी समजून घेण्यासाठी मालदीवपर्यंत जाण्यापूर्वी घारापुरीचाच हिशेब मांडून पाहावा.

३/ घारापुरी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तिची तीन गावे. तिन्ही नावांत ‘बंदर’ आहे आणि ते उगाच नाही. मोराबंदर परिसरात विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत. भूमध्य सागरी प्रदेशातून मद्य व तेल आणणाऱ्या ‘अँफोरा’ कुंभांची खापरे आणि क्षत्रपांची नाणीही बेटावर मिळाली आहेत. पाहुणे येण्यापूर्वी इथे माल येत असे. बेटाचा पहिला धंदा व्यापार होता.

४/ चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून ‘पुरी’ नगरीचा गौरव आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे काही अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. मुख्य शैव लेणे साधारणतः सहाव्या शतकाच्या मध्यातले समजले जाते. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली आहेत. ती कारागिरांना वेतन म्हणून दिली गेली असावीत, असा तर्क मांडला जातो. तो खरा असेल तर लेण्यांमुळे बेटाला मिळालेली ती पहिली मजुरी ठरते.

५/ वसईच्या १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. किनाऱ्यावरील भव्य दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाचे नाव ‘एलिफंटा’ ठेवले. लेण्यातील एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवण्यात आला आणि तिथे तो हरवला, असे दियोगो दो कोतो याने लिहून ठेवले आहे. लेणी कोणी कोरली याचे उत्तर कदाचित त्या शिळेवर असते. बेटावरची वस्तू बाहेर गेली आणि बेटाच्या हाती काहीच उरले नाही, असा हा पहिला नोंदलेला प्रसंग.

६/ दुसरा प्रसंग खुद्द हत्तीचा. पुढे बेट मराठ्यांकडे आले, १७७४ मध्ये इंग्रजांनी ते घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. १८६४ मध्ये तो दगडी हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला; उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. आज तो हत्ती डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला नाव मिळाले, तो पाहायला बेटावर जाऊन उपयोग नाही.

७/ पाहुण्यांची रीघ मात्र वाढत गेली. अठराव्या शतकात कार्स्टन नीबूरने इथे येऊन शिल्पांची रेखाटने केली आणि ती युरोपात छापली. १८७१ मध्ये जेम्स बर्जेसचा घारापुरीवरील ग्रंथ आला. १८७५ साली भारतभेटीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, चक्क लेण्यातच मेजवानी झाली. ‘सकाळी जावे, पाहावे, संध्याकाळी मुंबईत जेवायला परतावे’ हा घारापुरीच्या पर्यटनाचा साचा तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

८/ या काळात बेटावरील माणसे भातशेती, मासेमारी आणि होड्यांच्या दुरुस्तीवर जगत होती. पर्यटन ही वरकड मिळकत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे प्रमाण उलटे झाले. समोरच्या न्हावा-शेवा किनाऱ्यावर १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मोठ्या जहाजांचे मार्ग, भराव आणि गाळउपसा यांमुळे खाडीतील मासेमारीचे क्षेत्र आक्रसले. बंदराच्या विस्तारामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. हा खटला समोरच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांचा होता. पाणी मात्र सामाईक आहे.

९/ म्हणजे घारापुरीने पर्यटन निवडले, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. जुने पर्याय एकेक करून आटत गेले आणि पर्यटन उरले. बेटांच्या अर्थकारणात हा फरक महत्त्वाचा असतो. चार धंद्यांतला एक म्हणून पर्यटन असेल तर त्याला जोडधंदा म्हणतात. तोच एकमेव उरला तर शेतकऱ्याच्या भाषेत ते एकपिकी शिवार होते, आणि एका पिकावर कीड पडली की घर बसते.

१०/ आता पर्यटकाच्या रुपयाचा माग घ्यावा. लाँचचे भाडे गेटवेवर दिले जाते, ते वाहतूकदारांचे. लेण्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये. ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे जाते. ग्रामपंचायतीला मिळतो तो प्रवेशाचा अल्पसा कर. यानंतर उरतो तो धक्क्यापासून लेण्यापर्यंतच्या पायऱ्यांवरचा व्यवहार : टोपी, माळा, दगडी मूर्ती, कैरी, ताक, जेवण आणि डोली. त्यातही विक्रीचा बराचसा माल मुंबईहूनच आलेला असतो.

११/ अर्थशास्त्रात याला ‘गळती’ म्हणतात. पर्यटक किती खर्च करतो आणि त्यातले स्थानिकांच्या हाती किती उरते, यांतील अंतर म्हणजे गळती. बेटांवर ती मोठी असते, कारण इंधन, धान्य, पाणी, बांधकामाचे साहित्य असे जवळजवळ सगळे बाहेरून येते. घारापुरीत तिला आणखी एक कारण आहे. पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामाची मुभा नाही. सहल अर्ध्या दिवसाची, म्हणून खर्चही अर्ध्या दिवसाचा. पर्यटनातील मोठा पैसा मुक्काम आणि रात्रीच्या जेवणात असतो. तो मुंबईत खर्च होतो.

१२/ वारसास्थळ असण्याचे ओझेही आहे. २०१० च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. किनारा नियमन क्षेत्राचे नियम वेगळेच. हे नियम अनाठायी नाहीत. ते नसते तर लेण्यांच्या माथ्यावर हॉटेल उभे राहिले असते. पण वाढत्या कुटुंबाला खोली वाढवायची झाली तरी याच नियमांशी गाठ पडू शकते. महाविद्यालयासाठी आणि मोठ्या दवाखान्यासाठी आजही पाणी ओलांडावे लागते.

१३/ आणि पीक एकच असले की खंड जीवघेणा ठरतो. लेणी दर सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. १७ मार्च २०२० रोजी देशभरातील केंद्र-संरक्षित स्मारके बंद झाली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा दोन महिने दारे मिटली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेने आधी माणसे जातात. मग जलप्रवासावरचा विश्वास जातो आणि पायऱ्यांवरच्या दुकानांतली बोहनीही.

१४/ मालदीवचा अनुभव इथे ताडून पाहण्याजोगा आहे. तेथील पर्यटन १९७२ मध्ये सुरू झाले. ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या पद्धतीने पर्यटक निर्मनुष्य बेटांवर राहत आणि वस्तीच्या बेटांना त्यांचे दर्शन क्वचितच घडे. २००९ च्या सुमारास धोरण बदलले. वस्तीच्या बेटांवर स्थानिकांना अतिथिगृहे चालवता येऊ लागली आणि पर्यटकाच्या मुक्कामाचा पैसा गावात येऊ लागला.

१५/ तरीही एकपिकी शेतीचा धोका टळला नाही. मालदीवमध्ये २०१९ साली सुमारे १७ लाख पर्यटक आले होते. २०२० मध्ये ते साडेपाच लाखांवर आले आणि देशाचे सकल उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे गळती बुजवणे हे अर्धेच काम. पाहुणा न आला तर चूल कशावर पेटेल, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

१६/ आपल्याच किनाऱ्यावर याचे थोडे वेगळे रूप दिसते. कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ मध्ये झाली. हा किल्ला पाहायलाही होडीच लागते आणि पावसाळ्यात ती बंद असते. पण पर्यटक मुक्काम करतो तो समोरच्या मालवण-तारकर्लीत, घरगुती न्याहारी-निवासात, आणि ताटात पडतो तो तिथल्याच बाजारातला मासा. मासेमारी अजून जिवंत असल्याने तिथे पर्यटन एकटे नाही. घारापुरीला जे मिळाले नाही ते हेच : पाहुण्याचा मुक्काम आणि सोबतीला दुसरा धंदा.

१७/ हा हिशेब समुद्रापुरता नाही. गारगोटी ज्या भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे, तिथेही भुदरगड आणि रांगणा किल्ल्यांवर गिर्यारोहकांची गर्दी वाढते आहे, आणि पाटगावची ओळख ‘मधाचे गाव’ अशी झाली आहे. पाटगावात मध आधीपासून होता. पर्यटक त्या मधाला गिऱ्हाईक म्हणून येतो. हा क्रम टिकला तर पर्यटन गावाला बळ देईल. उलटला, आणि मधाची बाटलीही बाहेरून येऊ लागली, तर डोंगरातल्या गावाचेही बेट व्हायला वेळ लागणार नाही.

१८/ घारापुरीच्या सदाशिवाची तीन मुखे आपल्याला दिसतात. चौथे मागे, खडकात आहे असे मानले जाते. बेटाचे अर्थकारणही तसेच आहे. धक्का, पायऱ्या आणि लेणी सर्वांना दिसतात. शेवटची लाँच सुटल्यावर दुकानांवर ताडपत्री ओढून त्या दिवसाचा गल्ला मोजणारे गाव पाहायला तेव्हा कोणी थांबलेले नसते. २०१८ पासून तिथे निदान उजेड आहे. त्या उजेडात करण्यासारखे स्वतःचे काम बेटाला मिळते का, यावर पुढच्या पिढीचे राहणे अवलंबून आहे.

(थ्रेड समाप्त)