गाजर चांगलं, मग गोळी का नडली?
यवतमाळच्या बाजारात गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला घेता, तेव्हा पिशवीत बीटा-कॅरोटीनही येतं. पेशींना इजा करणारे फ्री रॅडिकल ते थोपवतं. मग त्याची गोळी दिली तर कर्करोग टळेल, असं शास्त्रज्ञांना वाटलं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल उलटाच आला! रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला.

इशारा आधीच मिळाला होता. ऑक्सिजनचा दाब आणि मात्रा दोन्ही वाढली की हा राखणदारच उलटतो, हे बर्टन आणि इंगोल्ड यांनी १९८४ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं होतं. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर, वरून धूर.

म्हणून घरातल्या बिडी ओढणाऱ्या काकांना भाजी खुशाल वाढा. गोळी मात्र नको. सोडायची ती बिडी.