उत्तरकालीन रोमन सैनिकी साधनांच्या प्रतिकृती : पुरावा, अनुमान आणि इतिहासलेखन

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात लिखित साधने व पुरातत्त्वीय अवशेष यांना प्राथमिक स्थान आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात त्यांच्या जोडीला आणखी एक मार्ग पुढे आला. प्राचीन शस्त्रे व चिलखते पुन्हा घडवायची, ती अंगावर चढवून वापरून पाहायची आणि त्यातून भूतकाळाचे आकलन करून घ्यायचे, असा हा मार्ग होय. ब्रिटनमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या अर्माइन स्ट्रीट गार्ड या संस्थेने इ. स. पहिल्या शतकातील रोमन सैनिक लोकांसमोर उभा केला. कॉर्ब्रिज येथे १९६४ मध्ये सापडलेल्या पट्ट्यांच्या चिलखताचा उलगडा करण्यात रसेल रॉबिन्सन या अभ्यासकाचा मोठा वाटा होता. त्यामुळे त्या काळाच्या प्रतिकृतींना भक्कम आधार मिळाला.

डायोक्लेशियन (इ. स. २८४-३०५) नंतरच्या सैनिकाची स्थिती वेगळी आहे. त्याची साधने तुटक स्वरूपात उपलब्ध आहेत आणि कारागिराला अनेक जागा अनुमानाने भराव्या लागतात. अशा प्रतिकृतींना इतिहासाचे साधन म्हणून कितपत महत्त्व द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शिरस्त्राण : तंत्र आणि राज्यव्यवस्था

चौथ्या शतकातील शिरस्त्राणाची टोपी दोन किंवा अधिक भागांची असे व ते भाग मधल्या उभ्या कण्याने रिव्हेट मारून जोडलेले असत. हंगेरीतील इंटरसिसा येथे अशी साधी लोखंडी शिरस्त्राणे मोठ्या संख्येने सापडली. एकाच पत्र्यातून खोल टोपी ठोकून काढण्यास मुरलेला हात लागतो. दोन अर्धे भाग घडवून जोडणे त्या मानाने सुलभ असते. प्रतिकृती घडविणाऱ्याला हा फरक हातोड्याच्या प्रत्येक घावाला जाणवतो.

हा अनुभव लिखित पुराव्याशी जुळतो. ‘नोटिशिया डिग्निटाटम’ या अधिकारपदांच्या यादीत तीसहून अधिक सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांची नोंद आहे. तेथील कारागिरांच्या हातावर डाग देण्याचा आदेश इ. स. ३९८ च्या कायद्यात आढळतो. पळून गेलेला कारागीर ओळखता यावा, हा त्यामागील हेतू होता. सुलभ रचना, मोठे उत्पादन आणि कामाला जखडलेला श्रमिक यांचा परस्परसंबंध येथे स्पष्ट होतो.

मात्र येथेच एक धोका संभवतो. नेदरलँड्समधील डर्न येथे १९१० साली दलदलीतील पीट खणताना सापडलेले शिरस्त्राण सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचे चांदीचे, सोन्याचा मुलामा दिलेले आवरण तेवढे शिल्लक आहे. आतील लोखंडी टोपी उरलेली नाही. अशा झगमगीत नमुन्यांच्या प्रतिकृती प्रेक्षकांना भावतात. परंतु प्रत्येक सैनिकाच्या मस्तकी सोनेरी शिरस्त्राण चढविले, तर इंटरसिसाचा साधा सैनिक इतिहासातून पुसला जातो.

ढाल : लाकूड आणि रंग

सीरियातील ड्यूरा-युरोपोस हे ठाणे इ. स. २५६ च्या सुमारास ससानी वेढ्यात पडले. तेथील कोरड्या मातीत लाकडी ढाली टिकून राहिल्या. त्यांतील लंबगोल ढाली फळ्या कडेला कड चिकटवून बनविलेल्या आहेत. आजच्या प्रतिकृती बहुधा प्लायवूडच्या असतात. दिसण्यापुरते हे चालते. मात्र अशा ढालीच्या वजनावरून किंवा आघात सोसण्याच्या क्षमतेवरून रोमन युद्धतंत्राविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरत नाही.

रंगाचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘नोटिशिया’मध्ये पथकवार ढालींची चित्रे आहेत व पुनर्सादरीकरण करणारे गट तीच वापरतात. ही यादी पंधराव्या-सोळाव्या शतकांतील नकलांमधूनच आपल्यापर्यंत पोहोचली आहे. ऑक्सफर्ड येथील नक्कल १४३६ सालची आहे. नकलाकारांनी मूळ रंग कितपत जपले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

प्लंबाटा : प्रयोगाचे सामर्थ्य व मर्यादा

प्लंबाटा म्हणजे शिशाचा भार बसविलेला, हाताने फेकण्याचा आखूड बाण. सैनिक असे पाच बाण ढालीच्या आतील बाजूस बाळगत, असे व्हेजेशियस सांगतो. ब्रिटनमधील रॉक्सेटर व इतर ठिकाणी त्यांची लोखंडी टोके व शिसे मिळाले. लाकडी दांडा व पिसे नष्ट झाली. प्रतिकृतींच्या प्रयोगांत हात खालून झुलवून फेकल्यास बाण अधिक दूर जातो, असे आढळले आहे. ही माहिती कोणत्याही ग्रंथातून मिळाली नसती. तथापि बाण किती दूर जातो हे दांड्याच्या लांबीवर अवलंबून असते आणि ती लांबी आपण ठरविलेली असते. म्हणून अशा प्रयोगातून शक्यता सिद्ध होते, वस्तुस्थिती नव्हे.

बाजारपेठ आणि भारतीय कारागीर

सर्वच प्रतिकृती हौशी अभ्यासक स्वतः घडवीत नाहीत. अनेक गट तयार वस्तू विकत घेतात आणि त्यांतील पुष्कळशा भारतात बनतात. डेहराडून हे या निर्यातीचे एक केंद्र आहे. रोमन जिरेबख्तरात रिव्हेट मारलेल्या व अखंड कड्यांच्या ओळी आलटून पालटून असत. हे वेळखाऊ काम आज भारतीय कारागिरांचे हात करतात. कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. शिवाय एकच नमुना शेकडोंच्या संख्येने विकला गेला, की मूळ अवशेषांतील विविधता लोप पावते. तोच नमुना पुढे चित्रांत व चित्रपटांत उतरतो आणि कालांतराने पुरावा म्हणून स्वीकारला जाण्याची भीती निर्माण होते.

निष्कर्ष

प्रतिकृती हे धातू व लाकडात मांडलेले गृहीतक आहे. घडणीचे श्रम, वजन व हाताळणी यांविषयी ती जे सांगते, ते ग्रंथ सांगू शकत नाहीत. तिचे मोल मात्र नोंदींवर अवलंबून असते. कोणता भाग अवशेषांवर आधारित आहे, कोणता चित्रांवरून घेतला, कोणता अनुमानाने भरला आणि कोणाच्या हातांनी घडविला, हे प्रत्येक प्रतिकृतीसोबत लिहिले गेले पाहिजे. शिलालेखाचे वाचन करताना तुटलेली अक्षरे आपण कंसात दाखवितो. हाच दंडक शिरस्त्राण व ढालीलाही लागू केल्यास पुनर्सादरीकरण हे मनोरंजनाबरोबर इतिहाससंशोधनाचेही विश्वसनीय अंग ठरेल.