खासगी पत्रे आणि अमेरिकेचे स्वातंत्र्य

इतिहासाच्या अभ्यासकाला तहनाम्यांइतकीच खासगी पत्रेही मोलाची असतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात अशा पत्रांनी एकदा तेढ वाढविली, तर एकदा समेटाची वाट उघडली. दोन्ही प्रसंगी केंद्रस्थानी होता बेंजामिन फ्रँकलिन.

मॅसॅच्युसेट्सचा नायब गव्हर्नर असताना टॉमस हचिन्सनने १७६८-६९ च्या सुमारास लंडनमधील टॉमस व्हेटली यास काही पत्रे लिहिली होती. वसाहतींतील स्वातंत्र्यांना काही कात्री लावावी लागेल, असा त्यांतील एका पत्राचा आशय होता. ही पत्रे १७७२ मध्ये फ्रँकलिनच्या हाती आली. दोष इंग्लंडपेक्षा आपल्याच माणसांचा आहे हे कळले, तर बोस्टनचा रोष निवळेल, या हेतूने त्याने ती तिकडे धाडली. नकला करू नयेत, छापू नयेत, अशी अट घातली. परंतु जून १७७३ मध्ये ती छापली गेली आणि रोष निवळण्याऐवजी भडकला. पत्रे कोणी फोडली या वादातून लंडनमध्ये दोघांचे द्वंद्वयुद्ध झाले, तेव्हा फ्रँकलिनने स्वतःच जबाबदारी पत्करली. २९ जानेवारी १७७४ रोजी प्रिव्ही कौन्सिलसमोर वेडरबर्नने त्याची जाहीर निर्भर्त्सना केली. तो निःशब्द उभा राहिला. पाठोपाठ वसाहतींच्या टपाल खात्यातील त्याचे पदही गेले. साम्राज्य एकसंध राखू पाहणारा एक मध्यस्थ इंग्लंडने अशा रीतीने गमावला.

पुढे ६ फेब्रुवारी १७७८ रोजी त्याने फ्रान्सशी मैत्रीचा तह घडवून आणला. परस्परांच्या संमतीवाचून इंग्लंडशी समेट करू नये, असे त्यात कलम होते. मार्च १७८२ मध्ये जुना परिचित लॉर्ड शेलबर्न यास त्याने पॅरिसजवळच्या पासीहून एक छोटे पत्र लिहिले. शेलबर्नने मादाम एल्व्हेस्यूस हिला पाठविलेल्या गूजबेरीच्या रोपांबद्दल आभार आणि शांततेची इच्छा, एवढाच त्यातील मजकूर. काही दिवसांतच शेलबर्न मंत्री झाला आणि त्याने रिचर्ड ओस्वल्ड यास बोलण्यासाठी पासीला पाठविले.

३० नोव्हेंबर १७८२ रोजी अमेरिकी वकिलांनी फ्रान्सला न विचारता प्राथमिक मसुद्यावर सह्या केल्या. फ्रेंच परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन याने रोष व्यक्त केला. फ्रँकलिनने उत्तरात औचित्यभंग मान्य केला. मात्र आपल्यात फूट पडल्याच्या समजुतीने इंग्रज खूष आहेत, तेव्हा हा गैरसमज गुप्तच राहावा, असे सुचविले. मैत्री टिकली, शिवाय साठ लाख लिव्हरांचे नवे कर्जही मिळाले. ३ सप्टेंबर १७८३ रोजी अंतिम तह झाला.

फुटलेल्या पत्राने विश्वास संपविला. जपून लिहिलेल्या पत्राने तो सांभाळला. मुत्सद्देगिरीचे खरे भांडवल हा विश्वासच असतो.