विवाहमंत्रांतील काम

विवाहविधींत कामदेवाला मानाचें स्थान आहे, हें मांडवांतल्या मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. कन्यादानाच्या वेळीं उपाध्याय कामस्तुति म्हणतात. बाप कन्या देतो, वर तिचा स्वीकार करतो, एवढेंच लोकांना दिसतें. मंत्र मात्र दाताही कामच व प्रतिग्रहीताही कामच असें सांगतो. पुढें सप्तपदी येते. अन्न, बळ, धन, सुख, संतति आणि ऋतु यांसाठीं सहा पावलें पडल्यावर सातव्याला वर वधूला सखी म्हणतो. हें सारें जाणत्या स्त्रीला उद्देशून आहे, हें उघड होय.

गृह्यसूत्रें याहून स्पष्ट बोलतात. विवाहानंतर निदान तीन रात्री दांपत्यानें ब्रह्मचर्यानें राहावें, जमिनीवर निजावें, खारट खाऊं नये, असें आश्वलायन व पारस्कर सांगतात. ज्यांची इच्छा जागी झाली आहे त्यांनाच असला संयम सांगावयाचा असतो. बाहुली खेळणाऱ्या पोरीला तो सांगण्याचें प्रयोजन काय?

परंतु पुढें शतकानुशतकें बोहल्यावर उभी राहिली ती अशीच पोर. आठव्या वर्षीं कन्येला गौरी म्हणावें, ऋतुप्राप्तीपूर्वीं तिचें दान करावें, हें स्मृतिवचन समाजानें उचललें. पेंगणाऱ्या नवरीला मामा उचलून अंतरपाटाशीं आणी, आणि संस्कृत मंत्र तिच्या डोक्यावरून निघून जात. (मुली मोठ्या झाल्या तरी मामानें आणण्याची चाल टिकली, ही गंमतच म्हणावयाची.)

या विसंगतीची किंमत रखमाबाईंना मोजावी लागली. त्यांचें लग्न अकराव्या वर्षीं झालें. पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद लावली. न कळत्या वयांत, संमतीवांचून झालेलें लग्न आपणांस बांधीत नाहीं, असें बाईंचें म्हणणें होतें. १८८५ सालीं न्या. पिन्हे यांनीं फिर्याद फेटाळली. पण अपिलांत निकाल फिरला, आणि १८८७ सालीं न्या. फॅरन यांनीं नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत, असा हुकूम दिला. बाई तुरुंगास तयार झाल्या. शेवटीं १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. जोतीराव फुले यांचें सत्यशोधक पूजाविधीचें पुस्तक १८८७ चेंच. त्यांतील मंगलाष्टकांत वधू स्त्रीच्या स्वातंत्र्याचा सवाल करते व वराला शपथ घ्यावी लागते. तेंही मराठींत, तिला समजेल अशा भाषेंत.

१८९१ सालीं संमतिवयाच्या बिलावर वाद पेटला. डॉ. रा. गो. भांडारकर यांनीं गृह्यसूत्रांच्या आधारें प्राचीन वधू प्रौढच असे, असें निबंध लिहून दाखविलें. परक्या सरकारनें आमच्या संसारांत हात घालूं नये, हा टिळकांचा मुद्दा. तो अगदींच टाकाऊ नव्हता. पण कलकत्त्यास फुलमणी दासी ही बालिका पतीच्या बळजबरीनें मेली होती, आणि तिच्यापुढें असले मुद्दे लंगडे पडतात. कायदा झाला, संमतिवय १० चें १२ झालें. लग्नाच्या वयाला मात्र त्यानें हात लावला नाहीं. त्यासाठीं १९२९ चा शारदा कायदा यावा लागला. त्यानेंही मुलीला १४ वर्षें पुरेशीं धरलीं, आणि १८ व्हावयास १९७८ उजाडलें.