‘ऑर्बिटर’ : एका खेळाचा वारसा

ग्रंथकर्ता निवर्तला तरी त्याचा ग्रंथ वाचतां येतो. संगणकावर चालणाऱ्या कृतीचें तसें नाहीं. यंत्रें बदलतात, त्यांच्या भाषा बदलतात, आणि कर्त्यानें हात आवरला कीं कृति हळूहळू मुकी होते. अवकाशयान चालविण्याच्या कित्येक खेळांचा शेवट असाच झाला. ‘ऑर्बिटर’ हा खेळ मात्र वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. तो कां टिकला, याचें उत्तर त्याच्या इतिहासांत सांपडतें.

ऑर्बिटरचे जनक मार्टिन श्वायगर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ. यानांच्या खेळांत त्या काळीं विमानांप्रमाणें वळणें घेणारीं यानें आणि तोफांचा भडिमार यांचीच रेलचेल असे. न्यूटनच्या नियमांना तेथें फारसें स्थान नव्हतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं श्वायगर यांनीं स्वतःच खेळ रचला आणि २००० सालीं तो विनामूल्य प्रसिद्ध केला. त्यांत शत्रु नाहीं, गुणांची मोजदाद नाहीं, जयपराजय नाहीं. सूर्य, ग्रह व उपग्रह यांचें गुरुत्वाकर्षण, यानांतील इंधन आणि खेळणाऱ्याची बुद्धि, एवढाच त्याचा संसार.

या खेळांत नवशिक्याची पहिली फजिती बहुधा ठरलेली असते. पृथ्वीभोंवतीं फिरणारें अवकाशस्थानक त्याच कक्षेंत पुढें दिसतें. तें गांठावें म्हणून तो वेग वाढवितो, तों यान अधिक उंच कक्षेंत चढतें, त्याच्या फेऱ्याला अधिक वेळ लागतो, आणि स्थानक आणखीच दूर जातें. गांठावयाचें तर उलट वेग कमी करावा लागतो. मग यान खालच्या कक्षेंत उतरतें, तेथील फेरा लौकर पुरा होतो आणि अंतर तुटत जातें. १९६५ सालीं जेमिनी ४ यानाचे नायक जेम्स मॅकडिव्हिट यांनीं आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हां त्यांनाहि याच नियमानें चकविलें होतें.

श्वायगर यांनीं खेळाची मूळ संहिता आपल्याजवळच ठेविली होती. तथापि बाहेरून नवे भाग जोडण्याचा मार्ग त्यांनीं मोकळा सोडला, आणि तो कसा वापरावा हेंहि लिहून दिलें. देशोदेशींच्या हौशी रचनाकारांनीं त्या मार्गानें नवीं यानें, दूरच्या ग्रहांवरील तळ आणि मार्गगणित करणारीं उपकरणें आणून जोडलीं. पुढें चित्रणाचा भागहि वेगळा काढतां येऊं लागला, तेव्हां नव्या यंत्रांस साजेल असा चित्रणविभाग याच मंडळींनीं तयार केला.

या पुरवण्यांपैकीं ‘नॅस्प’ ही विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तींत अपोलोच्या चांद्रयात्रा पुन्हां घडवितां येतात. अपोलोच्या मार्गदर्शक संगणकाजवळ कायम स्मृति ३६,८६४ शब्दांची आणि बदलती स्मृति २,०४८ शब्दांची, एवढेंच भांडवल होतें. ती कायम स्मृति तारा ओवून विणलेली असे, आणि हें विणकाम मॅसॅच्युसेट्समधील कारखान्यांत स्त्रियांच्या हातून होई. त्या संगणकाच्या आज्ञावलींच्या जुन्या छापील प्रती मिळवून ‘व्हर्च्युअल एजीसी’ या प्रकल्पांतील अभ्यासकांनीं त्या ओळीओळीनें पुन्हां उतरवून काढल्या. नॅस्पमध्यें त्या आज्ञावली खरोखरच चालतात. चंद्रावर उतरणाऱ्या यानाचें दिखाऊ सोंग तेथें नसून, त्याचें गणित पुन्हां केलें जातें.

परंतु या साऱ्या इमारतीचा पाया एकाच गृहस्थाच्या सवडीवर उभा होता. २०१६ च्या आवृत्तीनंतर कामाची गति मंदावली. पुरवण्या कितीहि असोत, मूळ संहितेंतील दोष दुसऱ्या कोणाला काढतां येत नव्हता. कर्ता थांबला असता तर या पुरवण्यांनाहि पुढें आधार उरला नसता. जुलै २०२१ मध्यें श्वायगर यांनीं ती संहिता एम.आय.टी. परवान्यानें सर्वांस खुली केली. ती कोणीहि वाचावी, बदलावी, वाटावी. मूळ हक्कसूचना व परवान्याचा मजकूर तेवढा तिच्यासोबत राहावा, इतकीच अट. वीस वर्षें ज्यांनीं बाहेरून भर घातली होती, त्यांना आतां आंत येऊन दुरुस्ती करण्याचा अधिकार मिळाला.

अपोलोच्या आज्ञावली वांचल्या, कारण कोणीं तरी कागद जपून ठेविले होते. ते रद्दींत गेले असते तर नॅस्पला चंद्राची वाट सांपडती ना. ऑर्बिटरच्या कर्त्यानें आपल्या कृतीचें भवितव्य अशा योगायोगावर सोंपविलें नाहीं. तिला जाणणारे व जपणारे लोक आधीं तयार झाले, आणि मग ती त्यांच्या स्वाधीन झाली.