नौका-इंजिनांवरील टर्बोचार्जरचे जलशीतकरण : धरमतर खाडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

कोकण किनाऱ्यावरील नौकानयनाचा इतिहास प्रामुख्याने आरमार, बंदरे आणि व्यापार या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. कान्होजी आंग्रे यांच्या काळातील गुराबा आणि गलबते यांची चर्चा अभ्यासकांनी विपुल केली. मात्र शिडाच्या जागी यंत्र आल्यानंतर नौकेच्या पोटात कोणते प्रश्न निर्माण झाले, याकडे इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अतिवेगवान नौकांच्या इंजिनांवरील टर्बोचार्जर पाण्याने थंड ठेवण्याची पद्धत कशी विकसित झाली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. त्यासाठी पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर व दादर हा खारेपाटालगतचा टापू आणि त्याला मुंबईशी जोडणारा जलमार्ग हे क्षेत्र संदर्भासाठी निवडले आहे. नौकेच्या वेगाचा इतिहास हा वस्तुतः उष्णतेच्या विल्हेवाटीचा इतिहास आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

शीड, वाफ आणि समुद्राचे पाणी

गणेशमूर्तींच्या व्यवसायामुळे आज जोहे-हमरापूर परिसर सर्वत्र परिचित आहे. परंतु पक्क्या रस्त्यांपूर्वी या भागाचा मुंबईशी संबंध मुख्यतः खाडीमार्गे होता. पेणनजीकच्या अंतोरे बंदरातून मीठ आणि भात मचवे व पडाव यांतून मुंबईकडे जात असे. वारा आणि भरती-ओहोटी यांचे वेळापत्रक हेच प्रवासाचे वेळापत्रक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-धरमतर मार्गावर आगबोटी सुरू झाल्या आणि वाऱ्यावरील अवलंबित्व कमी झाले.

आगबोटीने एक नवा प्रश्न आणला. आरंभीच्या सागरी बाष्पित्रांत समुद्राचेच पाणी उकळले जाई. त्यामुळे आत क्षारांचे थर साचत, इंधन अधिक लागे आणि बाष्पित्राचे आयुष्य घटे. यावर शोधलेला उपाय मार्मिक होता. गोडे पाणी बंद नळ्यांतून फिरवावे, समुद्राचे पाणी नळ्यांच्या बाहेरून खेळवावे आणि दोहोंचा परस्परांशी स्पर्श होऊ देऊ नये. सुमारे १८६० नंतर ही रचना जहाजांवर रूढ होत गेली. समुद्राचे पाणी उष्णता वाहून नेण्यास उत्तम, पण यंत्राच्या अंतर्भागात घेण्यास घातक, हा धडा वाफेच्या युगानेच दिला. पुढील डिझेल युगाने त्याचीच पुनरावृत्ती केली.

टर्बोचार्जरचा उदय

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर वाया जातो. या वायूंवर चक्र फिरवून त्याच्या साहाय्याने इंजिनात अधिक हवा दाबून भरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी मांडली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती प्रत्यक्षात यशस्वी होण्यास दोन दशके लागली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेस्टाट डांझिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांवर १९२६ मध्ये ही योजना वापरण्यात आली, तेव्हा प्रत्येक इंजिनाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. टर्बोचार्जरचे पहिले मोठे यश रस्त्यावरचे नसून पाण्यावरचे आहे, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

महाराष्ट्रात या तंत्राची औद्योगिक पार्श्वभूमी पुण्यात तयार झाली. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्स या कंपन्यांची स्थापना झाली. याच काळात शासकीय कर्जे आणि सहकारी संस्था यांच्या आधारे किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांचे यांत्रिकीकरण होत गेले. मालमोटारीसाठी बनलेली इंजिने फेरफार करून नौकांत बसवण्याची प्रथाही त्यातूनच दृढ झाली.

जलशीतकरणाची निकड आणि तंत्र

मालमोटारीचे इंजिन नौकेत बसवताना मूलभूत अडचण येते ती हवेची. रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाच्या इंजिनावर समोरून वारा येतो. नौकेचे इंजिन मात्र लाकडी किंवा फायबरच्या बंदिस्त कप्प्यात असते. टर्बोचार्जरमध्ये शिरणाऱ्या वायूंचे तापमान पूर्ण भारावर ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक असू शकते. त्याच्या तापलेल्या कवचावर फुटक्या नळीतून डिझेल उडाले, तर आग लागण्यास ठिणगीची गरज उरत नाही. म्हणूनच सागरी सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजांवरील २२० अंशांपेक्षा अधिक तापणारे व तेलाच्या संपर्कात येऊ शकणारे पृष्ठभाग आच्छादित ठेवणे बंधनकारक केले.

या प्रश्नावरील एक उत्तर म्हणजे दुहेरी भिंतीचे कवच. दोन भिंतींमधून पाणी खेळते राहिल्याने बाहेरचा पृष्ठभाग तुलनेने थंड राहतो. हे पाणी बहुधा समुद्राचे नसते. इंजिनाचेच गोडे पाणी बंद चक्रात फिरते आणि स्वतंत्र उपकरणात समुद्राच्या पाण्याला आपली उष्णता देते. खारे पाणी सुमारे ६० अंशांच्या पुढे तापल्यास त्यातील क्षार साचू लागतात, तर गोडे पाणी ८० ते ९० अंशांवरही निर्धोकपणे फिरू शकते. वाफेच्या युगातील तोच धडा येथे नव्या रूपात दिसतो. याशिवाय दाबामुळे तापलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करण्यासाठी समुद्राच्या पाण्याचा वेगळा उपयोग केला जातो. थंड हवा अधिक घन असल्याने त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते.

तथापि जलशीतकरण निर्दोष नाही. कवचातील पाणी वायूंची काही उपयुक्त ऊर्जाही शोषून घेते. शिवाय गंधकयुक्त इंधनाचे वायू अतिथंड झाल्यास आम्ल तयार होऊन धातू झिजतो. या कारणांनी मोठ्या जहाजांवर पुढे पाण्याविना चालणारी, उष्णतारोधक आच्छादन असलेली कवचे प्रचलित झाली. जागा अरुंद आणि आगीचा धोका मोठा अशा लहान वेगवान नौकांत मात्र जलशीतकरण टिकून राहिले.

खाडीची परीक्षा

जर्मनीतील समुद्रावर सिद्ध झालेले तंत्र धरमतरच्या खाडीत जसेच्या तसे चालत नाही. मुंबई परिसरात मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर ४ ते ५ मीटरपर्यंत जाते. ओहोटीला उथळ झालेले पाणी गाळाने भरलेले असते. हा गाळ गाळणी तुंबवतो, पंपाची रबरी पाती झिजवतो आणि नळ्यांत बसतो. पाण्याचा प्रवाह घटला की सर्वांत आधी ताण पडतो तो सर्वांत उष्ण भागावर. गंज रोखण्यासाठी बसवलेले जस्ताचे तुकडे वेळेवर न बदलल्यास धातूच खाऊन जातो. वेगाने आलेली नौका धक्क्याला लागताच इंजिन बंद केल्यास टर्बोचार्जरमधील तेल उष्णतेने करपते. म्हणून ते काही मिनिटे मंद गतीने चालू ठेवणे आवश्यक ठरते.

या तांत्रिक बाबींना सुरक्षेचे परिमाण १९९३ नंतर लाभले. त्या वर्षी रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी येथे स्फोटके उतरवण्यात आली आणि मुंबईतील साखळी स्फोटांत त्यांचा वापर झाला. २००५ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या किनारी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात किनारी राज्यांसाठी २०४ वेगवान नौकांची तरतूद होती. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याने त्यांची निकड अधोरेखित केली. पेण तालुक्यातील दादर येथे सागरी पोलीस ठाणे आहे. अशा ठाण्यांसाठी नौकेचा कागदावरील वेग महत्त्वाचा नसून, पाठलागाच्या क्षणी तिचे इंजिन तापून बंद पडणार नाही, ही खात्री महत्त्वाची आहे. ती खरेदीने मिळत नाही, नित्याच्या निगेने मिळते.

शक्तिशाली यंत्रावरील नियंत्रणाचा प्रश्न किती गंभीर आहे, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात दिसून आले. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. नौदलाने इंजिनातील बिघाडाचा उल्लेख केला होता. या दुर्घटनेचा शीतकरणाशी संबंध जोडण्यास आधार नाही. परंतु अश्वशक्ती वाढते त्या प्रमाणात तिच्यावर नजर ठेवणारी व्यवस्थाही वाढावी लागते, हे तिने स्पष्ट केले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बाष्पित्रापासून टर्बोचार्जरपर्यंत नौकेच्या यंत्राचा विकास समुद्राच्या पाण्याशी सुरक्षित अंतर राखून त्याचा लाभ घेण्याच्या प्रयत्नातून झाला. या इतिहासात पेटंटधारक अभियंत्याइतकेच स्थान गाळणी साफ करणाऱ्या खलाशाला आणि पाण्याची धार पाहून इंजिनाची प्रकृती ओळखणाऱ्या तांडेलाला आहे. त्यांचे ज्ञान लिखित साधनांत क्वचितच आढळते. किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ते संकलित करणे आणि तांत्रिक प्रशिक्षणात त्याचा समावेश करणे अगत्याचे आहे. अन्यथा वेगाची नोंद इतिहासात राहील, आणि तो वेग ज्यांनी सुरक्षित ठेवला त्यांची राहणार नाही.